नोकरी तिकडची, मुक्काम जालन्याचा

जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. घरोघरी इंटरनेट आलं आणि अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांनी घरून काम करण्याची सवलत बऱ्याच अंशी चालू ठेवली. त्यामुळे परदेशी गेलेली आपल्या जिल्ह्यातली मुलं-मुली आता फक्त लग्नापुरती किंवा दिवाळीपुरती येत नाहीत. आई-वडिलांचं आजारपण, घराचं बांधकाम, बाळंतपण, नाहीतर नातवंडांना थोडं मराठी यावं म्हणून ती तीन-तीन, सहा-सहा महिने राहतात. दिवसा घरची कामं आणि संध्याकाळी सात वाजले की लॅपटॉप.

येणाऱ्याच्या मनात असतं की आपण आपल्या घरी चाललोय. कायद्याचे प्रश्न मात्र वेगळे असतात. पासपोर्ट कोणत्या देशाचा? व्हिसा कोणता? उतरणार कुठे? काम कोणाचं करणार? राहणार किती दिवस? उत्तरं अवघड नाहीत, पण ती तिकीट काढण्याआधी तयार हवीत. शिवाय यातली बरीच कामं येणाऱ्याच्या नव्हे तर घर उघडणाऱ्याच्या नावावर आहेत आणि जालना, अंबड, भोकरदनच्या घरांमध्ये नेमकं तेच कोणाला सांगितलेलं नसतं.

काही देशांनी अशा कामकऱ्यांसाठी वेगळा व्हिसाच काढला आहे. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरुवात केली. पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया पाठोपाठ आले आणि २०२४ मध्ये जपान व थायलंडनेही असे व्हिसे सुरू केले. भारतात असा स्वतंत्र व्हिसा नाही. त्यामुळे आपल्याकडे येऊन परदेशातली नोकरी चालू ठेवायची असेल, तर उपलब्ध कागदांपैकी आपल्याला कोणता लागू पडतो हे आधी ठरवावं लागतं.

आधी पासपोर्ट बघा

घरातल्या प्रत्येक माणसाचा कागद वेगळा तपासा. कुटुंब एक असलं तरी पासपोर्ट एकाच देशाचे असतील असं नाही.

*भारतीय पासपोर्ट असलेले.* एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहणारा माणूस भारतीय नागरिकच असतो. त्याला भारतात यायला व्हिसा नको, पोलिसांकडे नोंदणी नको, मुक्कामाला मर्यादा नाही. त्याच्यापुढचे प्रश्न दोनच, कर आणि परतीचा रस्ता. दोन्ही पुढे येतात.

*परदेशी नागरिकत्व घेतलेले.* दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. जुना पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘अजून दोन वर्षं मुदत आहे’ म्हणून तो वापरून येणं हा गुन्हा आहे. अशांसाठी सर्वांत सोयीचा कागद म्हणजे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. ही योजना २००५ च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि भारतीय वंशाच्या लोकांची जुनी पीआयओ कार्डं ९ जानेवारी २०१५ पासून तिच्यात विलीन झाली. ओसीआय असलेल्याला आयुष्यभर कितीही वेळा येता येतं, कितीही दिवस राहता येतं, नोकरी-धंदाही करता येतो. परदेशी कंपनीचं काम जालन्यात बसून करायचं असेल तर याहून सरळ मार्ग नाही.

पण ओसीआयवाल्यांनीही ४ मार्च २०२१ ची अधिसूचना एकदा वाचावी. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा कामांसाठी आधी विशेष परवानगी लागते. परदेशी विद्यापीठात काम करणारी मुलगी मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या गावांत पाणीटंचाईवर माहिती गोळा करणार असेल, तर कार्ड असूनही ते संशोधनच आहे. परदेशी वृत्तसंस्थेसाठी बातम्या पाठवणाऱ्यालाही हाच नियम. ही परवानगी भारतात येण्याआधी काढावी.

*परदेशात जन्मलेली मुलं.* सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. आई-बापांचे पासपोर्ट भारतीय, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण अमेरिकेत जन्मलेल्या आणि अमेरिकी पासपोर्टवर येणाऱ्या दोन वर्षांच्या पोरालाही ओसीआय किंवा व्हिसा लागतो. आजी-आजोबांच्या घरी तोच एकटा परदेशी नागरिक असतो. ओसीआयला वेळ लागतो, त्यामुळे बाळाचा पासपोर्ट हातात आला की लगेच अर्ज करा. आणि मूल वीस वर्षांचं होण्याआधी पासपोर्ट नवा झाला, की त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो, हेही लक्षात ठेवा.

*परदेशी सून किंवा जावई.* जोडीदार मूळचा परदेशी असेल तर लग्नाची नोंदणी झालेली असून त्याला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर ओसीआयसाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत एंट्री व्हिसा, म्हणजे ‘एक्स’ प्रकार. भारतीय नागरिकाच्या किंवा भारतीय वंशाच्या माणसाच्या जोडीदारासाठीच तो असतो आणि लांब मुदतीचा मिळू शकतो. या व्हिसावर स्वतःची परदेशातली नोकरी चालू ठेवायची असेल, तर अर्जातच तसं स्पष्ट लिहा आणि लेखी उत्तर मिळवा. तोंडी ‘चालतं’ या उत्तराला पुढे कोणी विचारत नाही.

*टुरिस्ट व्हिसा.* ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, म्हणून बरेच जण हाच घेतात. फिरायला आणि नातेवाइकांना भेटायला तो योग्य आहे. राजूरच्या गणपतीला जा, जांबसमर्थला जा, वेरूळ-अजिंठा बघा, लग्नात मिरवा. पण या व्हिसाच्या हेतूंत नोकरी नाही. सुट्टीत दोन ईमेलना उत्तर देणं वेगळं आणि पाच महिने रोज आठ तास पूर्णवेळ काम करणं वेगळं. शिवाय हा व्हिसा भारतात बसून सहसा वाढवता किंवा बदलता येत नाही. त्यावर ‘मुक्काम इतक्या दिवसांपेक्षा जास्त नको’ अशी ओळ असते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी ती ओळ बंधनकारक असते. मुदत दहा वर्षांची म्हणून मुक्कामही हवा तेवढा, असं समजणाऱ्यांचीच पंचाईत होते.

*एम्प्लॉयमेंट व्हिसा.* जालन्यातल्या एखाद्या बियाणे कंपनीने किंवा पोलाद कारखान्याने परदेशी तंत्रज्ञ बोलावला तर त्याच्यासाठी हा व्हिसा आहे. त्यामागे भारतातला मालक लागतो. ज्याचा मालक ह्यूस्टनमध्ये आणि फक्त खुर्ची जालन्यात, त्याच्या बाबतीत हा बसत नाही.

विमान मुंबईत, सोय जालन्याची

चिकलठाणा विमानतळ जालन्याहून तासाभरावर असला तरी परदेशातून येताना पासपोर्टवरचा शिक्का साधारणपणे मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादलाच बसतो. त्यामुळे तिथे लागणारी सगळी माहिती आधीच लिहून हाताशी ठेवा.

भारतातला पत्ता ‘जालना’ एवढाच लिहू नका. घर क्रमांक, गल्ली किंवा कॉलनी, तालुका, जिल्हा, पिन कोड आणि घरातल्या माणसाचा चालू मोबाइल नंबर लिहा. जालना शहराचा पिन ४३१२०३, अंबडचा ४३१२०४. हाच पत्ता पुढे नोंदणीच्या अर्जात आणि यजमानाच्या अर्जात येणार आहे. तिन्हीकडे एकच स्पेलिंग असू द्या. मुंबईच्या मावशीचा पत्ता सोपा म्हणून तो देऊन प्रत्यक्षात घनसावंगीत राहायला गेलात, तर पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी आगमन कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांनी ते पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, एवढं ओळखा. वारंवार ये-जा करणारे भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक जलद इमिग्रेशनच्या सरकारी योजनेतही नाव नोंदवू शकतात. ती जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे.

सामानाचेही दोन नियम आहेत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. कंपनीचा एक आणि स्वतःचा एक असे दोन असतील तर दुसऱ्याची पावती आणि कंपनीचं पत्र जवळ ठेवा. दुसरा नियम जास्त गंभीर आहे. सॅटेलाइट फोन किंवा डोंगरात फिरताना वापरतात तसलं सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र परवान्याशिवाय भारतात आणू नका. तिकडे ते दुकानात मिळतं, इकडे त्यासाठी अटक होते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशावर अशी कारवाई झाली होती. गावात रेंज मिळणार नाही या धास्तीने असलं काही पिशवीत टाकू नका. त्यापेक्षा मुंबईत उतरल्या उतरल्या सिम कार्ड घ्या. परदेशी पासपोर्टवर सिम देण्याचा सराव तिथल्या काउंटरवाल्यांना असतो.

यजमानाचे २४ तास

हा भाग जालन्यातल्या घरांसाठी आहे. परदेशी नागरिक तुमच्याकडे मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवायची असते. इतकी वर्षं याला ‘फॉर्म सी’ म्हणत आणि पोलीस ठाण्यात आजही तोच शब्द चालतो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. कळवण्याची ही जबाबदारी त्यातही कायम आहे. ती फक्त हॉटेल-लॉजची नाही. स्वतःच्या घरी नातेवाईक ठेवणाऱ्यालाही ती लागू आहे.

ओसीआय कार्डधारकाचं काय? त्याला स्वतःची नोंदणी करण्यापासून सूट आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी नागरिकच असतो. म्हणून यजमानाने त्याचीही माहिती भरून ठेवावी. दहा मिनिटांचं काम आहे आणि हातात पोचपावती राहते.

काम कसं करायचं ते बघा. मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांची वेगळी प्रादेशिक कार्यालयं असतात. जिल्ह्यात ही जबाबदारी पोलीस अधीक्षकांकडे असते. म्हणून जालन्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयात चालतं. तिथे जाऊन जिल्हा विशेष शाखेत विचारा. पासपोर्टच्या पडताळणीमुळे ही शाखा बऱ्याच घरांच्या ओळखीची असते. माहिती कळवण्याच्या सरकारी पोर्टलवर यजमानाने आधी स्वतःचं खातं उघडायचं असतं. त्यात घराचा पत्ता, ओळखपत्र आणि फोन नंबर द्यायचा. कार्यालयाने ते मंजूर केलं की मग पाहुण्याची माहिती भरता येते.

अडचण नेमकी इथे येते. खातं मंजूर व्हायला काही दिवस लागू शकतात आणि तुमच्याकडे पाहुणा आल्यापासून फक्त २४ तास असतात. म्हणून खातं पाहुणा यायच्या पंधरा दिवस आधी उघडून ठेवा. एकदा उघडलं की दरवर्षी तेच चालतं.

अर्जात पासपोर्ट क्रमांक, व्हिसा किंवा ओसीआय क्रमांक, भारतात कोणत्या तारखेला आणि कुठे उतरला, आधी कुठे राहिला, इथून पुढे कुठे जाणार, भेटीचं कारण आणि फोटो एवढं लागतं. पाहुणा चार दिवस पुण्याला मामाकडे गेला तर तिथल्या मामाने तिथल्या कार्यालयात माहिती भरायची. हॉटेलात उतरला तर हॉटेलवाला भरतो.

आई-वडील सत्तरीचे असतील तर त्यांच्यावर हे टाकू नका. पुतण्या, भाची, शेजारचा कॉलेजातला मुलगा असा एक जण नेमून द्या आणि पासपोर्टच्या पानांचे फोटो त्याला आधीच पाठवा. मात्र खातं ज्याच्या घरात मुक्काम आहे त्याच्याच नावाने असू द्या.

घर भाड्याने घेणार असाल तर ‘शंभरच्या स्टॅम्पवर लिहून टाकू’ यावर राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते. हाच करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो.

नोंदणीचे १४ दिवस

यजमानाचं कळवणं झालं म्हणजे पाहुण्याची नोंदणी झाली असं नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत. ज्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा आहे आणि ज्यावर नोंदणीची अट छापलेली आहे, त्याने भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत स्वतःची नोंदणी करायची. एंट्री व्हिसावरच्या सुनेला किंवा जावयाला बहुधा हे लागू होतं. नेमकं काय ते व्हिसाच्या पानावर लिहिलेलं असतं, म्हणून आधी ते पान वाचा.

अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर होतो. एप्रिल २०१८ पासून ही सोय आहे. नोंदणी, मुदतवाढ, पत्ताबदल, देश सोडण्याचा परवाना ही सगळी कामं तिथूनच होतात आणि बहुतेक वेळा कार्यालयात जावं लागत नाही. शंका आली तर मात्र अधिकारी बोलावतात किंवा पोलीस घरी चौकशीला येतात. ही नेहमीची पडताळणी असते, घाबरू नका. पासपोर्ट दाखवा आणि सरळ उत्तरं द्या. ‘काम करता का?’ असं विचारलं तर खरं सांगा. कंपनी कुठली, पगार कुठे जमा होतो, भारतात कोणाची नोकरी करत नाही, हे सांगणारं कंपनीचं पत्र जवळ असेल तर बोलणं लवकर संपतं.

पासपोर्ट, व्हिसा, शिक्क्याचं पान, फोटो हे सगळ्यांकडे असतं. बहुतेक अर्ज पत्त्याच्या पुराव्यावर अडतात. लाइट बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, मालमत्ता कराची पावती तीन भावांच्या नावावर आणि गावातल्या घराला तर क्रमांकच नाही, अशी स्थिती आपल्याकडे घराघरात आहे. यावर तीन उपाय.

पहिला, महावितरणच्या बिलावरचं नाव पाहुणा येण्याआधी बदलून घ्या. वारसाची कागदपत्रं जोडून ऑनलाइन अर्ज करता येतो.

दुसरा, गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. शहरातलं असेल तर महापालिकेची मालमत्ता कराची चालू पावती घ्या. जालना नगरपरिषदेची महापालिका २०२३ मध्ये झाली, त्यामुळे जुन्या पावतीवर नगरपरिषदेचं नाव असेल. शक्यतो नवी पावती जोडा.

तिसरा, यजमानाचं साध्या कागदावरचं पत्र आणि त्याच्या आधार कार्डाची प्रत. पत्रात पाहुण्याचं नाव, नातं, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत राहणार आणि घराचा पूर्ण पत्ता असावा. सही आणि फोन नंबर विसरू नका.

नोंदणी झाल्यावर मिळणारा कागद छापून ठेवा आणि पत्ता बदलला की पोर्टलवर कळवा. ओसीआयवाल्यांना नोंदणी नको, पण जे आता इथेच राहू लागले आहेत त्यांनी कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला तर संबंधित नोंदणी अधिकाऱ्याला ईमेलने कळवावं, असं २०२१ च्या त्याच अधिसूचनेत म्हटलं आहे. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस दोन वर्षं राहिला तर ही अट लागू होऊ शकते.

मुदत वाढवायची असेल तर अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. महिनाभर तरी आधी करा. नव्या कायद्यात मुदत संपल्यावर राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तसं झालं तर पुढच्या व्हिसालाही अडचण येते.

कराचे दिवस वेगळे मोजतात

व्हिसाचे दिवस आणि प्राप्तिकराचे दिवस यांचा एकमेकांशी संबंध नाही. ओसीआय आयुष्यभराचं असलं तरी कर खातं एकेका आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चमधले दिवस मोजतं. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरायचा.

परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस भेटीसाठी आला, तर साधारणपणे १८२ दिवस भरेपर्यंत तो करासाठी अनिवासी राहतो. पण भाडं, व्याज, शेअर अशा भारतातल्या मार्गांनी त्याचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून तो ३६५ दिवस इथे राहिलेला असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. आणि मूळची परदेशी सून भारतीय वंशाची नसल्यामुळे तिला ही सवलतच नाही. मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले असतील तर तिच्यासाठी मर्यादा फक्त ६० दिवसांची आहे. नवरा अनिवासी आणि बायको निवासी, असं एकाच घरात होऊ शकतं.

समजा, भाचा १० ऑक्टोबरला आला आणि २० एप्रिलला गेला. मुक्काम १९३ दिवसांचा झाला. पण लीप वर्ष नसेल तर ३१ मार्चपर्यंतचे दिवस भरतात १७३ आणि उरलेले २० पुढच्या आर्थिक वर्षात जातात. दोन्ही वर्षांत तो १८२ च्या आत राहतो. हाच मुक्काम मे ते नोव्हेंबर असा केला असता तर एकाच वर्षात मर्यादा ओलांडली गेली असती. म्हणजे तिकिटाच्या तारखेवर कर अवलंबून असू शकतो.

‘पगार तिकडे जमा होतो, मग इथे कर कसला?’ असं सगळे विचारतात. काम भारतात बसून केलं असेल तर त्या काळाचा पगार भारतात कमावलेला मानला जातो, बँक कुठली हा मुद्दा गौण आहे. सुटका मिळते ती दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातून. भारत-अमेरिका करारानुसार माणूस अमेरिकेचा कररहिवासी असेल, त्या वर्षात इथे १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसेल, पगार परदेशी मालक देत असेल आणि त्याचा बोजा त्या मालकाच्या भारतातल्या शाखेवर पडत नसेल, तर इथे कर लागत नाही. या अटींचे पुरावे तुमच्याकडे हवेत. अमेरिकेच्या कर खात्याकडून कररहिवासी असल्याचं ६१६६ क्रमांकाचं प्रमाणपत्र निघण्याआधी मागवा. बोर्डिंग पास आणि शिक्क्यांच्या पानांच्या प्रती जपून ठेवा.

तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यावर नव्हे, येण्याआधीच सीएशी बोला. निवासी-अनिवासीची प्रकरणं हाताळणारा सीए शोधा, घरच्या दुकानाचं जीएसटी भरणारा तोच असेल असं नाही.

मालकाला सांगितलं का?

व्हिसा आणि कर जमले, तरी कंपनीच्या परवानगीशिवाय येऊ नका. कंपनीला तुमच्यावरच्या विश्वासापलीकडे बऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात. कर्मचारी भारतात बसून कंपनीच्या वतीने करार करू लागला, तर कंपनीचं इथे कायमचं ठाणं आहे असा अर्थ निघू शकतो आणि तिच्यावर इथला कर येऊ शकतो. बँका, संरक्षण, आरोग्य या क्षेत्रांतली माहिती देशाबाहेर उघडायला मनाई असते. चोरून व्हीपीएन लावून काम करणारे पकडले जातात आणि मग नोकरीच जाते.

म्हणून लेखी परवानगी घ्या. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गावातून आणि कोणतं काम, हे लिहिलेलं असावं. हेच पत्र विमानतळावर, नोंदणीच्या वेळी आणि सीएकडे दाखवता येतं. आरोग्य विमा भारतात चालतो का, हेही त्याच वेळी विचारा.

मुक्काम लांबला तर

सहा महिने राहिल्यावर नवे प्रश्न सुरू होतात. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या ओसीआयधारकाला आणि इतर परदेशी रहिवाशाला आधार काढता येतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. परदेशी माणसाला त्याच्या व्हिसाच्या मुदतीपुरतं आणि ओसीआयवाल्याला दहा वर्षांसाठी मिळतं. भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र १८२ दिवस थांबायची गरज नाही.

नातवंडांना इथल्या शाळेत घालायचं असेल तर शाळेला सुरुवातीलाच सांगा की मूल परदेशी पासपोर्टचं आहे. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी नव्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर आणि परदेशी रुग्णांची माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली आहे. दवाखान्यात भरती करतानाही पासपोर्ट सोबत ठेवा.

जमिनीचं तर आपल्याकडे विचारायलाच नको. गावी आलं की मोसंबीची बाग घ्यावीशी वाटते. ओसीआयधारक आणि अनिवासी भारतीय घर किंवा दुकान घेऊ शकतात, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वडिलांकडून वारसाने आलेली जमीन मात्र त्यांच्या नावावर राहू शकते. ‘तुझ्या नावावर जमत नाही, माझ्या नावावर घेऊ, नंतर बघू’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा आणि वकिलाला विचारा.

परतीचा रस्ता बंद होऊ देऊ नका

इकडची सगळी कागदपत्रं नीट ठेवून तिकडचा हक्क गमावणारेही असतात. ग्रीन कार्ड असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो. वर्षभर बाहेर राहायचं असेल तर रीएंट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो. जालन्यात बसून आठवलं तर उशीर झालेला असतो. कॅनडाच्या कायम रहिवाशाला पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे काढावे लागतात. इंग्लंडमध्ये कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिला तर ती सहसा संपते. एच-वन-बीवाल्यांनी येण्याआधीच कंपनीच्या वकिलाला विचारावं की परतीच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर मिळायला उशीर झाला तर भारतातून काम करू देणार का आणि किती दिवस.

कोणी काय करायचं

दोन महिने आधी, येणाऱ्याने: प्रत्येकाचा पासपोर्ट, ओसीआय किंवा व्हिसाचा प्रकार आणि त्यावरची मुक्कामाची मर्यादा लिहून काढायची. कंपनीची लेखी परवानगी घ्यायची. आर्थिक वर्ष बघून तारखा ठरवायच्या, मग तिकीट.

एक महिना आधी, घरच्यांनी: लाइट बिलावरचं नाव, नमुना ८ किंवा कराची पावती तपासायची. पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी करून यजमानाचं ऑनलाइन खातं उघडायचं.

तीन दिवस आधी, येणाऱ्याने: ई-अरायव्हल कार्डाबाबत ताजी सूचना बघून ते भरायचं. सगळ्या कागदांच्या प्रती जालन्यातल्या नेमलेल्या माणसाला पाठवायच्या.

पोहोचल्यापासून २४ तासांत, घरच्यांनी: पाहुण्याची माहिती ऑनलाइन भरून पोचपावती छापायची.

१४ दिवसांत, ज्याच्या व्हिसावर अट आहे त्याने: ई-एफआरआरओवर नोंदणी करायची.

दर महिन्याच्या शेवटी, दोघांनी: किती दिवस झाले ते मोजायचं.

नियमांत बदल होत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात भारतीय वकिलातीचं आणि ई-एफआरआरओचं संकेतस्थळ पुन्हा एकदा बघा. यजमानाचं खातं मात्र आजच उघडता येतं. ज्यांच्या घरी येत्या दिवाळीला कोणी येणार आहे, त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.